छत्रीची बरणी

बदली बाई सकाळी सर्वांच्या आधी येत. शिशुवर्गाचं कुलूप काढून आधी खिडक्या उघडत, मग कुंपणालगतच्या लिंबोणीची कोवळी पानं खुडून आणत, ती पुसून कोरडी करत आणि खिडकीखालच्या लांब टेबलावरच्या, मुलांनी फुलपाखरं व्हावीत म्हणून पाळलेल्या अळ्यांच्या बरण्या एकेक करून साफ करायला घेत. जुनं पान काढायचं, तळाशी साचलेली अळीची घाण मऊ ब्रशनं झटकायची, नवं पान ठेवायचं, तोंडाला जाळीचं कापड बांधायचं. मुलांना अजून वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बरणीवर नावाऐवजी चित्र होतं. मासा, किल्ली, घंटा, छत्री. बाईंच्या तोंडी मुलांची नावंही हळूहळू तीच बसली होती. या कामात कुणाशी बोलावं लागत नसे. भाड्याच्या खोलीवरही बोलावं लागत नसे. पण तिथलं न बोलणं वेगळं होतं.

त्या दिवशी छत्रीच्या बरणीतली अळी पानावरून खाली लोंबत होती. काळी पडलेली, ओल्या सुतासारखी. बाईंनी ब्रशच्या टोकानं तिला हलवून पाहिलं. ती मेली होती.

त्याची सोय शाळेत आधीपासूनच होती. कपाटामागच्या खोक्यात राखीव अळ्या होत्या. ज्यांच्या जागी बदली बाई आल्या होत्या, त्यांनी बाळंतपणाच्या रजेवर जाताना सारं नीट समजावून दिलं होतं. दर वेळी काही मरतातच; मुलं यायच्या आत बदलून टाकायच्या; आणि मग अळीमिळी गुपचिळी. मागे एका मुलानं अळी मेली म्हणून जेवण सोडलं होतं आणि त्याचे आईवडील वर्गात येऊन तावातावानं भांडले होते. तेव्हापासून मोठ्या बाईंचीही हीच आज्ञा होती. चालत आलेली रीत बदली माणसानं मोडू नये, एवढं शहाणपण अनेक शाळा फिरून बाईंना आलं होतं. त्यांनी मेलेली अळी कागदाच्या पुडीत बांधून आपल्या पिशवीत ठेवली, खोक्यातून तेवढ्याच लांबीची एक निवडली आणि बरणीत सोडली.

छत्रीवाली मुलगी आली ती रोजच्यासारखी थेट टेबलाकडे. जोड्या लावायच्या खेळात ती नेहमी एकटी उरे आणि मग तिचा हात बाई धरत. जाळी सरकवून तिनं अळीच्या पाठीवर बोट ठेवलं. अळीनं झटकन डोकं उचललं आणि दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली. आंबट, उग्र वास सुटला.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

तीच आहे, कात टाकून जरा वाढली आहे, असं बाईंनी सांगितलं.

"माझी मला शिंगं नाही काढत."

एव्हाना बाकीची मुलं भोवती जमली होती. शिंगं सगळ्यांनाच काढतात, असा निवाडा घंटावाल्यानं दिला. ही खोटारडी आहे, असं किल्लीवाली म्हणाली. फरशी पुसणाऱ्या मावशींनी कंबर सरळ करत हसून घेतलं. "अगं बयो, रात्रीतून विसरली असेल तुला. अळीच ती, तिचं डोकं ते केवढं!" मुलं खदखदून हसली.

मुलीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी बाईंकडे. बाई कापडाची गाठ आवळत राहिल्या.

"हो," मुलगी म्हणाली. "तीच आहे."

मग ती कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून लाकडी ठोकळे एकावर एक रचू लागली.

ती रडली असती तर बाईंनी तिची समजूत घातली असती. पण हा "हो" त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. ऑफिसातले कारकून त्यांना बिनदिक्कत रजेवरच्या बाईंच्या नावानं हाक मारत, तेव्हा वाद नको म्हणून त्या स्वतः असाच "हो" देत. त्यासाठी त्यांना पन्नाशी गाठावी लागली होती. ही चार वर्षांची होती.

बाईंनी पिशवीतून पुडी काढली. कोपऱ्यात जाऊन त्या फरशीवर बसल्या आणि पुडी उलगडून तिच्यापुढे ठेवली.

"तुझं बरोबर होतं. ही तुझी. रात्री मेली. मी दुसरी ठेवली."

मुलीनं अळीच्या पाठीवर हलकेच बोट ठेवलं आणि थांबली. शिंगं आली नाहीत.

"हीच," ती म्हणाली. मग तिनं टेबलाकडे मान वळवली. "मग ती कुणाची?"

"ती कुणाचीच नाही. नुसती आहे."

"तिला माहितीये?"



बाहेर व्हरांड्यात कुणा पालकांशी बोलत मोठ्या बाई येत होत्या. मावशींनी पुडी आवरा म्हणून डोळ्यांनी खुणावलं. बाईंनी सगळ्या मुलांना गोल करून बसायला सांगितलं आणि उलगडलेली पुडी मधोमध ठेवली. छत्रीवाली कोपऱ्यातून उठली, पण गोलात आली नाही. बाईंच्या पाठीमागे उभी राहिली. मावशी लगबगीनं दार लावायला निघाल्या.

"राहू द्या, मावशी," बाई म्हणाल्या. "उघडंच असू दे."

आणि रोज गोष्ट सांगत त्याच आवाजात, तो जरासुद्धा खाली न आणता, त्यांनी मुलांना सांगायला सुरुवात केली.