धरलेली जागा

मुलांनो, समजा तुमच्या हातात एक भिंग आहे. समोर खिडकी, खिडकीबाहेर कडुनिंब. भिंगामागं कागद धरायचा आणि ते झाड कागदावर उतरवायचं. जमेल?

उत्कर्षाला जमत नव्हतं. भिंगावरची गणितं तिनं पोत्यानं सोडवली होती; खरं भिंग मात्र आज, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, पहिल्यांदाच हातात आलं होतं. कागदावर नुसता धुरकट उजेड पडत होता.

अक्कलकोट रस्त्यावरच्या या खेड्यातल्या कॉलेजात तिचं फक्त नाव होतं. शिकायला ती सोलापुरातल्या क्लासला जायची. उजाडायच्या आत निघायची, ती दिवेलागणीनंतर परतायची. आयआयटीच्या मागं लागलेली बरीच मुलं असंच करतात. कॉलेजनं हजेरी लावायची आणि मुलांनी प्रात्यक्षिकापुरतं यायचं. तिची हजेरी लावणारे भौतिकशास्त्राचे रामहरी सर म्हणजे तिचे वडील. उद्या ते निवृत्त होणार होते.

लहानपणी ती त्यांच्याबरोबर इथं यायची. मोठ्या मुलांच्या मागं बसून पाय हलवत चित्रं काढायची. "अकरावीला आलीस की तुझी जागा पहिल्या बाकावर," अण्णा म्हणायचे. पण दहावीला तिला भरघोस गुण पडले आणि अण्णांनीच तिला क्लासला घातलं. "माझ्या वर्गात बसून आयआयटी मिळत नाही, बाळ," ते म्हणाले. घरात दूध होतं, तरी दूध आणतो म्हणून बाहेर पडले.

सोलापुरातच, जुळे सोलापूर भागातल्या एकाच छोट्या फ्लॅटमध्ये राहूनही मग बापलेकीची गाठ जेवणापुरतीच पडायची. एकदा तिचं एक गणित अडलं. अण्णा हरखून सरसावून बसले. कागदावर आधी भिंग काढलं, मग एकेक किरण ओढायला लागले. तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"अण्णा, एवढा वेळ नाही हो. सरांनी शॉर्टकट दिलाय, तोच बघते."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. 'सर' हा शब्द आपण त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणासाठी वापरला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"जरा मागं सरकव की कागद," परीक्षेच्या टेबलापाशी येऊन कल्लप्पा म्हणाला. प्रयोगशाळेचा हा शिपाई तिला लहानपणापासून ओळखत होता. पोटच्या लेकीची परीक्षा म्हणून सर आज आत आलेच नव्हते, आणि बाहेरून आलेले परीक्षक पलीकडं चहा घेत होते.

तिनं कागद मागं नेला. आणि एकदम झाड उतरलं. बुंधा वर, शेंडा खाली, पानंसुद्धा हलत होती.

"उलटं!" ती ओरडली.

कल्लप्पा हसला. "पोरं यायची तवा अशीच वरडायची बघ. सर लई खूश व्हायचे."

"आता वर्गात कोण असतं, मामा?"

"मी."

"तुम्ही?"

"मग काय करू? सर रोज हजेरी घेत्यात, फळ्यावर लिवत्यात, भिताडाला शिकवत्यात. मला बघवंना. म्हनून मागं जाऊन बसतो. डोक्यात काय शिरत न्हाय, पन मान हलवतो की."

तिला हसू आलं. "मग पुढंच बसा की. मागं कशाला?"

कल्लप्पानं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागला.

"पैल्या बाकावर बसू देत न्हाईत. रोज सोता पुसून ठेवत्यात. म्हनत्यात, ती जागा धरलेली हाय."

उत्कर्षाच्या हातातला कागद हलला. झाड विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी क्लासची मोठी टेस्ट होती. ती चुकली की पहिल्या तुकडीतून नाव खाली जायचं, आणि एकदा खाली गेलेलं नाव सहसा वर यायचं नाही. आईनं तिच्या हातावर दही ठेवलं. ते चाटून उत्कर्षा बाहेर पडली. पण तिची रिक्षा क्लासकडं वळलीच नाही, सरळ एसटी स्टँडवर गेली.

रामहरी सर वर्गात आले ते खाली मान घालून, हजेरीपट उघडतच. एकेक नाव घेत गेले. उत्तराची वाट न पाहता खुणा करत गेले. एका नावाशी मात्र थांबले. मग ते नावही त्यांनी घेतलं.

"हजर, सर."

सरांनी वर पाहिलं. मागच्या बाकावर कल्लप्पा होता. पहिल्या बाकावर ती.

"अगं... तुझी टेस्ट?"

तिनं वही उघडली.  सर फळ्याकडं वळले, खडू उचलला आणि तसेच उभे राहिले. अभ्यासक्रम तर त्यांनी केव्हाच संपवला होता, सगळाच्या सगळा, रिकाम्या बाकांसमोर. आता एवढा एक तास उरला होता. त्यांचा खडू फळ्याला टेकत होता आणि पुन्हा मागं येत होता. त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हा उत्कर्षा उठली. मनगटावरचं घड्याळ काढून तिनं सरांच्या टेबलावर पालथं ठेवलं.

"सर," ती म्हणाली, "त्या दिवशीचं गणित अर्धंच राहिलं. किरण काढून दाखवा ना. सगळे."

आणि ती पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली.