झाकणावरचा तळवा

हिरवा दिवा लागला म्हणून तिने हात झाकणावरून उचलला, तर दिवा लाल झाला. परत तळवा टेकवला. हिरवा. उचलला. लाल. वायरलेस सेट नुकताच चाचणीच्या शीतपेटीतून काढलेला होता आणि त्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर दव धरलं होतं.

"तुम्ही ठेवून बघा जरा," ती शेजारच्या टेबलावरच्या सोल्डरिंगवाल्या बाईंना म्हणाली.

बाईंनी आपला चिमुकला हात ठेवला. दिवा नुसताच लुकलुकला.

"माझं नाही बाई ऐकत ते. तुझाच हात लागतो त्याला. बाबांवर गेलाय तुझा हात, तसाच फावड्यासारखा."

ती हसली नाही. सेटमधली गोष्ट तशी साधी होती. आत एक क्रिस्टल एका ठेक्यात चालतो आणि बाकीचं सर्किट त्याच्याकडे कान लावून आपला ठेका सतत जुळवत राहतं. जुळला की हिरवा, सुटला की लाल. ठेका सुटलेला सेट म्हणजे नुसता डबा. तीन आठवडे ती तो पक्का करायला धडपडत होती. फिल्टर बदलले, वीजपुरवठा वेगळा केला, क्रिस्टलला फोम गुंडाळला. थंडीत सुटायचा तो सुटलाच. संध्याकाळी पाचला बचावबोटीवाले हे सहा सेट न्यायला येणार होते. ऐन हिवाळ्याच्या समुद्रातून किनाऱ्याला हाक मारायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

सहाही सेटांच्या चिठ्ठ्यांवर जुळवणी करणाऱ्याची सही एकच होती. तिच्या बाबांची. चार महिन्यांपूर्वी ते गेले तेव्हा याच खोलीत सगळे उभे राहिले होते आणि मॅनेजर म्हणाले होते की असा स्थिर हात पुन्हा होणे नाही.

फोरमनकाका फेरी मारत टेबलाशी आले. तिने विचारलं, "काका, जुळवणी करताना बाबांचा डावा हात कुठे असायचा?"

काकांनी चष्मा काढला, तो स्वच्छच होता, तरी पुसला.

"झाकणावर," ते म्हणाले. "शेवटचं वर्षभर उजवा थरथरायचा त्याचा. मग डावा तळवा झाकणावर दाबून धरायचा आणि त्याच्यावर उजवं मनगट टेकायचा. तेव्हा कुठे स्क्रूड्रायव्हर भोकात जायचा."

"घरी कधी बोलले नाहीत."

"इथेही नाही बोलला. सगळे बघायचो. त्याला वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाही. मग कोण बोलणार?"

सर्किटजवळ हात आला की ठेका जरासा सरकतो, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. तिला बाबांनीच शिकवलं होतं, मनगटावर फटका देऊन. आणि त्यांनीच वर्षभर एकेक सेट आपल्या हातासकट जुळवला होता. हात निघाला की सेट काठावर लटकायचा. उबेत तग धरायचा, गारठ्यात पडायचा. तिने तीन आठवडे दोष तारांत शोधला होता.

काकांनी तिच्यासमोर नोंदवही सरकवली. "कारणाच्या रकान्यात थंडी लिही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं?"

"आणि जे सेट आधीच बोटींवर गेलेत? थंडी लिहिली तर ते परत कोण मागवेल?"

तिने लिहिलं: जुळवणी करताना झाकणावर हात. या सहीचे शेवटच्या वर्षातले सगळे सेट परत मागवावेत. खाली स्वतःची सही केली. आडनाव तेच होतं. काकांनी ते दोनदा वाचलं, मग आपली सही केली आणि वही घेऊन गेले.

साडेचारपर्यंत पाच सेट झाले. डावा हात पाठीमागे घेऊन ती जुळवणीचा स्क्रू फिरवत होती. एक राहिला.

"हा राहू दे तसाच," सोल्डरिंगवाल्या बाई हळूच म्हणाल्या. "घरी ने. बाबांचा हात आहे त्यात. आई हात ठेवील कधीतरी."

"बाई, बोटी सहा आहेत."

तिने शीतपेटीतून काढलेल्या शेवटच्या सेटवर तळवा ठेवला. हिरवा दिवा. आपल्या हाताखाली दुसरा एक हात आहे, थरथर दाबून धरलेला, असं तिला अगदी खरंच वाटलं, आणि भीती वाटली. हात काढायचीही भीती वाटली. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा ती इतकी एकटी पडली नव्हती. बोटं बधिर होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. बाईंनी सोल्डरिंग आयर्न बंद केलं आणि उगाचच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग तिने हात काढला. दिवा लाल झाला. तिने स्क्रू अर्ध्या वळशाहून कमी फिरवला. हिरवा. सेट परत शीतपेटीत ठेवला, वीस मिनिटांनी काढला. हिरवाच होता, जराही न लुकलुकता. बाहेर बोटीवाल्यांची गाडी लागल्याचा आवाज आला.

बाईंची पाठ आहे हे बघून तिने झाकणावर एकदाच तळवा टेकवला.

दिवा लाल झाला.