डबीवरचं वजन

मार्ला रायफल घेऊन शेडमध्ये आली, तेव्हा तिचा बाप ऑरिन हॅस्केट तिच्या भावाची, लायलची, उद्याची काडतुसं भरून डबीवर त्याचं नाव आणि गोळीचं वजन लिहीत होता. त्याने मान वर केली नाही. “कोपऱ्यात ठेव,” म्हणाला. “बारा वाजता भाऊ न्यायला येईल.”

रायफल आजोबांची. घरात ज्याचा नेम पक्का, ती त्याच्याकडे राहायची. गेल्या शिकारीच्या हंगामात मार्लाने तीनशे यार्डांवरून एका एल्कवर गोळी झाडली आणि त्याचा पुढचा पाय मोडला. घोड्याएवढं ते सांबर तीन पायांवर जंगलात शिरलं. ती आणि लायल तीन दिवस रक्ताचे थेंब शोधत हिंडली. चौथ्या दिवशी डोमकावळ्यांनी जागा दाखवली. मांसाचा तुकडा हाती लागला नाही. मोंटानाच्या त्या खोऱ्यात माणूस बायको टाकून गेला तरी लोक विसरतात, पण जखमी जनावर सोडून आलेल्याला विसरत नाहीत. कुणी विसरू लागलंच, तर आठवण करून द्यायला ऑरिन होताच. हिवाळाभर कॉफीच्या टेबलावर त्याने एकच पालुपद लावलं होतं: पोरीचा हात कापतो. उद्या हंगाम सुरू होणार होता, आणि त्याआधी रायफल भावाकडे जायची होती ती म्हणूनच. मार्लाने वर्षभर ते खरं मानलं. आता तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं ते हेच.

तिने रायफल ठेवली नाही. खिशातून एक डबी काढून बापापुढे ठेवली. झाकणावर त्याचंच अक्षर होतं: मार्ला, गोळीचं वजन १५० ग्रेन, आणि गेल्या ऑक्टोबरची तारीख.

“त्या एल्कच्या डबीतली उरलेली. पाच मी काल तेवढ्याच अंतरावरून कागदावर झाडली,” ती म्हणाली. “पाचही वीतभर खाली लागली. पण तळहाताखाली झाकतील इतकी जवळजवळ.”

“हात कापतो. मी काय वेगळं सांगतोय?”

“कापणारा हात पाच वेळा एकाच जागी नाही कापत, बाबा.”

दीडशे ग्रेनची गोळी की एकशेऐंशीची, यावर बापलेकीचं कधी जमलं नव्हतं. जड गोळी हाडातून आरपार जाते, पण खांद्याला लाथ मारते आणि लांबवर लवकर खाली येते. मार्लाचा खांदा घोड्यावरून पडून एकदा मोडलेला. तिने हलकी मागितली होती आणि रायफलीची दुर्बीणही हलक्या गोळीच्या बेताने लावून घेतली होती. काडतुसं मात्र बापच भरायचा. दुसऱ्याच्या हातची काडतुसं झाडू नयेत, हा तिथल्या शिकाऱ्यांचा पहिला धडा. बापाचा हात हा दुसऱ्याचा हात, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

तिने काडतुसातून गोळी सुटी करायचा भिंतीवरचा हातोडा काढला, त्याच्या पोकळ डोक्यात एक काडतूस बसवलं आणि ओंडक्यावर आपटलं. चांगला माल नासवू नकोस, असं ऑरिन बोलेपर्यंत तिसऱ्या ठोक्याला गोळी पुंगळीतून सुटली होती. तिने ती काट्यावर ठेवली. दांडी डोलू लागली. दांडी थांबेपर्यंत हात लावायचा नाही, ही ऑरिनची शिस्त. त्यापायी दोन्ही मुलांनी लहानपणी बोटांवर पट्टीचा मार खाल्ला होता. दांडी एकशेऐंशीवर थांबली.

“भरताना गोळ्यांच्या डब्यांची अदलाबदल झाली असेल,” ऑरिन म्हणाला. “वय झालं माझं.”

वय झाल्याचं हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कबूल करत होता. मार्लाने पुंगळीतली दारू ताटलीत ओतली आणि तीही जोखली. जड गोळीला दारू कमी, हलकीला जास्त, हे त्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवत. चुकून जड गोळी बसली असती, तर खाली हलक्या गोळीची दारू निघाली असती. निघाली ती जड गोळीची, कणाकणाने मोजलेली.

“चूक असती तर रायफल माझ्या तोंडावर फुटली असती,” ती म्हणाली. “तुम्ही मोजूनमापून फसवलंत.”

ऑरिनने चष्मा काढून शर्टाला पुसला. लाज त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडली नसती. “हलक्या गोळीने एल्क पडत नाही. तू ऐकणार नव्हतीस. म्हटलं, एकदा पाडलास की मग सांगू.” त्याने चष्मा परत चढवला. “हाड तरी मोडलं की नाही?”

मार्लाला बापाचा इतका राग आला, की तिने हातातला हातोडा आधी खाली ठेवला.

बाहेर लायलची गाडी थांबली. ताटली बाजूला करून मार्लाने गोळी परत काट्यावर ठेवली. ऑरिनचा हात चटकन पुढे आला.

“दांडी हलतेय अजून,” ती म्हणाली. “हात लावायचा नाही.”

हात तिथेच थांबला. लायल रायफलीसाठी हात पुढे करतच आत आला. पण त्या शेडमध्ये शिरणारा माणूस आधी काटा वाचतो आणि मग माणसांकडे बघतो.

“एकशेऐंशी,” तो म्हणाला. “कुणाची?”

मार्लाने डबीचं झाकण त्याच्याकडे फिरवलं. त्याने ते वाचलं. तारीख वाचली. मग ताटलीतल्या दारूकडे, मग बापाकडे पाहिलं. ऑरिन खिडकीबाहेर बघत होता.

लायलने स्वतःच्या नावाची नवी डबी उघडली, त्यातलं एक काडतूस काढलं आणि रायफलीसाठी पुढे केलेला हात बहिणीपुढे पसरला.

“तो हातोडा दे जरा,” म्हणाला.