निंबाच्या नावाचे पिंजरे

सुरतेच्या प्लेगनं निंबाला नेलं, त्याला वर्ष झालं. सुरतेतल्याच उधना वस्तीच्या मंदिरात नवऱ्याच्या नावाचा पंखा द्यायचं सरलाबाईनं ठरवलं होतं, पण घेण्याआधी दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं, “पंख्याच्या पैशांत पुढची साथ अडवणारं काही होईल का?” नर्सबाई म्हणाल्या, “उंदरांचे पिंजरे घ्या. धरलेले उंदीर तपासले, की रोग माणसाला गाठण्याआधी कळतो.” सरलाबाईनं वीस पिंजरे घेतले आणि भांडीवाल्याकडून प्रत्येकावर निंबाचं नाव घालून घेतलं. दीर भडकला, “वहिनी, दादाचं नाव उंदरांच्या पिंजऱ्यावर? लोक काय म्हणतील?” “पंख्याखाली बसायला आधी माणसं तर उरू द्या,” ती म्हणाली. पिंजरे चाळीत फिरू लागले. सकाळी उंदीर दवाखान्यात जायचे, संध्याकाळी पोरं ओरडायची, “आज निंबाकाका आमच्याकडं!” पावसाळ्यात एकदा दीरच दारात उभा राहिला, हातात भाकरीचा तुकडा. “वहिनी,” तो ओशाळून म्हणाला, “आज दादाला आमच्याकडं पाठवता?”