तिसरीतलं अक्षर

दिल्लीतल्या एका मोठ्या फर्ममध्ये मी पेटंटचे खटले बघते. कोर्टात वरचे बोलतात, झेरॉक्स खालचे काढतात, आणि मधली मी पुरावे शोधते. सध्या आमची बाजू एका कंपनीची आहे. न वाकता, उभ्यानं सरकी टोबायची, म्हणजे कपाशीचं बी एकेक करून जमिनीत सोडायची नळी २०१४ साली आम्हीच पहिल्यांदा बनवली, असं कंपनी म्हणते. त्याआधी कुणी ती शेतात वापरली असेल, तर पेटंट रद्द.

सुट्टीत दिग्रसजवळच्या आमच्या गावी आले, तर गोठ्याच्या कोपऱ्यात तशीच नळी उभी. तेच नरसाळं, तोच चाप. वर ऑइलपेंटनं आईचं नाव, तिसरीतल्या माझ्याच अक्षरात. तिसरी म्हणजे २००३.

"बाबा, ही कोणी बनवली?"

"मीनंच. तुह्या मायची कंबर गेलती, तिले वाकनं होये नाई. मंग पाहून पाहून साऱ्या गावानं बनवली."

मी त्यांना खटला सांगितला. कंपनी कोण, मी कोणाकडून, सगळं. ते मान हलवत ऐकत राहिले.

"कोणतं साल होतं, आठवतं का?"

साल मला माहीत होतं. तरी विचारलं. त्यांना ते आठवावं असं मला वाटत होतं की आठवू नये, तेच कळत नव्हतं.

बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नळी पुसली, माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुले कोनतं साल पायजे, बेटा?"