उडत्या खाटेची चप्पल

आईच्या गोष्टीतली खाट आकाशात उडायची. बसणाऱ्याने एक चप्पल पायात घालायची आणि एक खाली ठेवायची, म्हणजे जोडी जुळवायला खाट परत येते. ताई तेव्हाही नाक मुरडायची, "खाटा कुठे उडतात का, वेडाबाई?"

आज ऑपरेशनआधी डॉक्टरांनी फारसा भरवसा दिला नाही. ताईला पलंगासकट आत ढकलत नेलं. तिची एक चप्पल जवळ ठेवावी म्हणून मी वाकले, तर खाली एकच होती. दुसरी धांदलीत कुठेतरी सरकली असेल. मी ती पदराआड धरून बसले.

इतक्यात नर्स वैतागून बाहेर आली.

"आजी, तुमच्या बहिणीला समजवा हो जरा. चादरीखाली एका पायात चप्पल घातलीय, काढूच देत नाहीत."