शेजारधर्म

"बघत काय राहिलीस? घाल गोळी," थॅड ब्रँट म्हणाला. "अर्धं काम घोड्यानंच केलंय तुझं."

तो स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात पडला होता. जूनच्या उन्हात घोडा अंगावर कोसळून मांडीचं हाड मोडलं होतं आणि कुरणातून तो इथवर सरपटत आला होता. तापानं ओठ फुटले होते. चुकलेल्या मेंढ्या शोधत आलेली ऑर्फा टिंडल रायफल घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

याच माणसानं मागच्या वर्षी ओढ्याच्या पाण्यावरून तिच्या भावाला, एबेनला, मारलं होतं. एबेननं आधी पिस्तूल काढलं, असं थॅडनं कोर्टात शपथेवर सांगितलं. ज्युरीतले बरेचसे त्याच्यासारखेच गुरंवाले. तो सुटला. शेरीफ टोपी हातात घेऊन ऑर्फाचं सांत्वन करायला गेला, तेव्हा ती म्हणाली होती, "टिंडलांचं टिंडल बघून घेतील." त्या दिवसापासून सगळं खोरं बंदुकीच्या आवाजाकडे कान लावून बसलं होतं.

ऑर्फानं रायफल भिंतीला टेकवली.

"दातात काहीतरी धर," ती म्हणाली आणि तिनं त्याचा पाय ओढून सरळ केला.

पहिले दोन दिवस त्यानं तिच्या हातचं काही खाल्लं नाही.

"विष घातलं असशील."

तिनं त्याच्याच वाडग्यातले चार चमचे खाल्ले. "मेंढीचं आहे. गुरंवाल्यांना चव कळायची नाही म्हणा."

मग तो जेवू लागला. पण जगायची इच्छा त्याला नव्हतीच. बायको केव्हाच सोडून गेली होती. कण्हत तो सारखा एकच मागायचा, "सोडव गं यातून."

"नाही," ऑर्फा म्हणायची आणि पट्टी बदलायची.

ती रोज घोड्यावरून यायची. स्वतःच्या मेंढ्या, स्वतःचं गवत, सगळं एकटीनं सांभाळून. मदतीला माणूस देऊ का, असं शेजारच्या ल्यूट पोमरॉयनं विचारलं, तर तिनं नको म्हटलं.

"तुझ्या जागी मी असतो ना," ल्यूट म्हणाला, "तर कोल्ह्यांना जेवायला बोलावलं असतं."

"तू नाहीस ना माझ्या जागी."

पाद्रीबाबांनी रविवारी तिचं नाव घेऊन क्षमेवर प्रवचन दिलं. ऑर्फा त्या दिवशीही थॅडच्या घरीच होती.

एकदा तिनं त्याच्या घोडीचं नवं शिंगरू दारात आणून उभं केलं. त्यानं थॅडची बाही चावली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा थॅड हसला. मग तो त्या शिंगरासाठी उठून बसू लागला. पुढं काठी घेऊन अंगणात आला. दाढी करू लागला. गाणी गुणगुणू लागला, तीही बेसूर.

"कान किटले," ऑर्फा म्हणायची.

"मग कशाला येतेस रोज?"

"शेजारी आहेस."

एका दुपारी ती बटाटे सोलत असताना तो म्हणाला, "एबेननं पिस्तूल काढलं नव्हतं. माझ्याकडे पाठ होती त्याची. मी खोटं बोललो."

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे मला."

दुसऱ्या दिवशी थॅडनं लंगडत जाऊन तिच्या मेंढ्यांना अडवणारं ओढ्यावरचं कुंपण स्वतःच्या हातानं तोडलं. तिच्या मेंढ्या पाण्यावर आल्या तेव्हा तो लहान मुलासारखा रडला.

डोंगरावरची झाडं पिवळी झाली. त्या सकाळी थॅड काठीशिवाय चालत तिच्या दारी आला. धुतलेला सदरा, विंचरलेले केस.

"माझी लायकी नाही, ते माहीत आहे," तो म्हणाला. "पण लग्न करशील माझ्याशी? शिंगरू मोठं होताना बघू. वर एक खोली चढवू."

"मरायचं होतं ना तुला?"

"तो थॅड गेला. आता साधा खोकला आला तरी जीव घाबरतो. खूप जगायचंय मला, ऑर्फा. इतकं कधीच वाटलं नव्हतं."

ऑर्फानं त्याच्याकडे नीट पाहिलं. गालावर रंग आला होता. डोळे चमकत होते.

"जूनमध्ये तुझ्याकडून घेण्यासारखं काहीच नव्हतं, थॅड," ती म्हणाली आणि दारामागची रायफल तिनं हातात घेतली.